रोजकीर्द आणि खतावणी

आमच्या कुलवृत्तांताच्या नोंदी पूर्वीं वह्यांत असत. कांहीं वर्षांपासून त्या घरच्याच एका संगणकावर ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ नामक डेटाबेसमध्यें ठेविल्या आहेत. यंत्र पुतण्या सांभाळतो, नांवें आम्ही तपासतों. गेल्या आषाढांत एके सकाळीं पाहतों तों सर्व्हर बंद. सुरू करावा तर क्षणांत पुनः बंद पडे. नेमक्या त्या आधींच्या तीन आठवड्यांत आमच्या आत्याबाईंनीं माहेरच्या चार पिढ्या तोंडीं सांगितल्या होत्या. कागदावर त्यांतील एक अक्षरहि नव्हतें, आणि आत्याबाई आतां या जगांत नाहींत.

ज्यांस या विषयाचा परिचय नाहीं त्यांनीं सर्व्हर म्हणजे कोठीच्या दाराशीं बसलेला कारकून समजावा. आंत कोणीं जावयाचें नाहीं. मागावें, तो आणून देतो. हा कारकून कामावरच येईना, तर कारणें अनेक संभवतात. ५४३२ क्रमांकाचें त्याचें पोर्ट दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामनें अडविलेलें असेल. किंवा माहितीचें फोल्डर इतरांस खुलें झालें असेल, कारण तसें असल्यास हा सर्व्हर कामास साफ नकार देतो. पुतण्यानें सर्व तर्क लढविले व यंत्र तीनदां बंद-चालू केलें. शेवटीं आम्हीं विचारलें, “अरे, तो बंद पडतांना स्वतः कांहीं लिहून ठेवतो कीं नाहीं? तें वाचलेंस का?” वाचलें, तों शेवटच्या ओळींत स्पष्टच होतें: डिस्कवर जागा उरलेली नाहीं.

“काका, सांपडलें! ‘पीजी-एक्सलॉग’ या फोल्डरनें सगळी जागा खाल्ली आहे. लॉगच आहेत, पुसून टाकतों.”

“त्यांतील ‘एक्स’चा अर्थ काय?”

“माहीत नाहीं.”

“मग आधीं तो पाहा.”

जन्मभर व्याकरण शिकविल्यामुळें ही खोड आम्हांस जडली आहे. त्या दिवशीं ती उपयोगी पडली. ‘लॉग’ म्हणजे घडल्या गोष्टींची टिपणवही, ती जुनी झाली कीं टाकून देतां येते, हा एक अर्थ. येथें अर्थ निराळाच निघाला. डेटाबेसमधील प्रत्येक फेरफार आधीं या फोल्डरांत लिहिला जातो आणि मागाहून सवडीनें मूळ जागीं चढविला जातो. म्हणजे ही रोजकीर्द, आणि मूळ फाईली ही खतावणी. सर्व्हर मध्येंच कोसळला तर पुनः उठतांना तो रोजकीर्द वाचूनच खतावणी पुरी करतो. ती जाळली तर तो उठतच नाहीं; बळेंच उठविण्याचें साधन आहे, परंतु मग नोंदींचा मेळ बसेलच असें नाहीं. या नांवानें इतके लोक फसले कीं २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तींत कर्त्यांनीं तें बदलून ‘पीजी-वॉल’ असें केलें. आमची आवृत्ति त्यापूर्वींची, ९.६; तिची दुरुस्ती २०२१ सालींच थांबली असतां ती चालवीत राहणें हा आमचाच आळस.

रोजकीर्द एवढी कां फुगली? तिचें प्रत्येक पान म्हणजे १६ मेगाबाइटची फाईल. दर पांच मिनिटांस पान उलटून त्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर जावी अशी व्यवस्था होती, आणि नक्कल होईपर्यंत सर्व्हर पान सोडीत नाहीं. दिवसाचीं २८८ पानें, म्हणजे सुमारें साडेचार गीगाबाइट. ती बाहेरची डिस्क बारशाच्या छायाचित्रांसाठीं पुतणीनें तीन आठवड्यांपूर्वीं काढून नेली होती! अर्थात् आत्याबाईंनीं सांगितलेल्या नोंदींची नक्कल दुसरीकडे कोठेंच नव्हती.

प्रथम सर्व माहितीची जशीच्या तशी प्रत निराळ्या डिस्कवर काढली. मग यंत्रावरील कीर्तनांच्या जुन्या चित्रफिती दुसरीकडे हलवून जागा केली, त्या फोल्डरास हात न लावतां. नेलेली डिस्क परत जागेवर जोडली व सर्व्हर सुरू केला. तो उठला, तुंबलेलीं पानें हळूहळू नक्कल होऊन कमी होऊं लागलीं.

आम्हीं आत्याबाईंनीं सांगितलेली शेवटची नोंद उघडविली. त्यांची थोरली बहीण. तिचें नांव दुसऱ्या कोणासहि ठाऊक नव्हतें. पडद्यावर आलें: द्वारका, वय वर्षें ४, देवीच्या सांथींत मृत्यु.