पोटगी, पुरसीस आणि प्राप्तिकर

नांदेडहून हिंगोलीच्या वाटेवर लागणाऱ्या आखाडा बाळापूरच्या बाजार समितीत हळदीचा लिलाव आटोपून हिशेबपट्टी हाती पडली, की शेतकरी ती उभ्याउभ्या दोनदा वाचतो. तोलाई किती, हमाली किती आणि पदरात काय, हे आण्यापैपर्यंत पडताळल्याखेरीज तो ओट्यावरून पाय उचलीत नाही. हाच चोखंदळ गृहस्थ संसाराची फारकत करावयास न्यायालयात जातो, तेव्हा मात्र तडजोडनाम्यातील पैशाच्या कलमाखाली, वकिलाने बोट ठेवलेल्या जागी, न वाचता सही करून मोकळा होतो, आणि त्याची पत्नीही तेच करते. त्या कागदावरील दोन शब्दांनी पुढील कित्येक वर्षांचा कर ठरतो, याची जाणीव उभयतांना सहसा नसते. उलट, जी माहिती असते ती न्यायालयाच्या आवारातील चहाच्या टपरीवर मिळालेली असते.

त्या टपरीवरचे पहिले मत असे, की पोटगी हा पोटाचा घास, त्यावर सरकार कर कसा घेईल? दुसरे मत याच्या अगदी उलट, की पोटगीचा मोठा वाटा सरकारजमा होतो. वस्तुस्थिती अशी, की १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात घटस्फोटितेच्या पोटगीला वाहिलेले स्वतंत्र कलमच नव्हते, आणि १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख ठरली त्या २०२५ च्या अधिनियमानेही ते मौन मोडलेले नाही. कायदा गप्प राहिला की न्यायालयाला बोलावे लागते. प्रतापगढच्या राजकन्या महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणात, १९८४ च्या निकालसंग्रहात छापलेल्या निर्णयाने, मुंबई उच्च न्यायालयाने रेघ आखून दिली: एकरकमी मिळालेली पोटगी ही भांडवली प्राप्ती, म्हणून करमुक्त, दरमहा मिळणारी पोटगी हे हुकूमनाम्यातून नियमितपणे पाझरणारे उत्पन्न, म्हणून करपात्र. मराठवाडा त्याच उच्च न्यायालयाच्या अधिकारकक्षेत येत असल्यामुळे हा निर्णय आपल्याकडे केवळ पुस्तकी राहत नाही.

तथापि करपात्र म्हणजे कर भरावाच लागेल, असे नव्हे. दरमहा पाच-दहा हजारांची खावटी मिळणाऱ्या आणि दुसरे उत्पन्न नसलेल्या स्त्रीला एक पैसाही कर पडत नाही, कारण २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पहिले चार लाख रुपये मुळातच करमुक्त आहेत आणि बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरील कर सवलतीने शून्यावर येतो. बाळापूर परिसरातील बहुतेक स्त्रियांची चिंता येथेच संपावयास हवी.

पेच पडतो तो नोकरदार स्त्रीच्या बाबतीत. समजा, एका शिक्षिकेचे प्रमाणित वजावट वगळून करपात्र वेतन अकरा लाख आहे, आणि तिला दरमहा १५,००० रुपये पोटगी मंजूर झाली. केवळ वेतन असते तर सवलतीमुळे तिचा कर शून्य राहिला असता. परंतु वर्षाची १,८०,००० रुपये पोटगी मिळविल्यावर बेरीज १२,८०,००० होते, सवलतीची मर्यादा ओलांडली जाते, आणि उपकरासह ७४,८८० रुपये कर भरावा लागतो. म्हणजे पोटगीच्या दर शंभरातील एकेचाळीसहून अधिक रुपये करापायी खर्ची पडतात. तीच पोटगी स्थायी तडजोड म्हणून एकरकमी ठरली असती, तर त्या रकमेवर काहीच कर पडला नसता. पुढे ती बँकेत ठेवून मिळणारे व्याज तेवढे करपात्र झाले असते. येथे एक सावधगिरी हवी: मागील दोन-तीन वर्षांची थकलेली माहेवारी एकदम हाती आली, म्हणून ती एकरकमी पोटगी ठरत नाही. थकबाकी ती थकबाकीच.

आता पतीच्या बाजूचा गैरसमज. आपण दिलेली पोटगी आपल्या उत्पन्नातून वजा होईल, असे अनेक पतींना मनापासून वाटते. त्यात अमेरिकेतील एखादा भाचा दूरध्वनीवरून दुजोरा देतो, कारण तेथे २०१८ अखेरपर्यंतच्या करारांना तशी वजावट खरोखरीच होती, जी त्यानंतरच्या करारांना उरली नाही. भारतात या प्रश्नाचा निकाल १९६० सालीच, सीतलदास तीर्थदास या मुंबईकर करदात्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने लावला. त्याचे तत्त्व आपल्या भागात समजावून सांगणे सोपे आहे. कालव्याचे पाणी तुमच्या बांधापाशी येण्याआधीच वरच्या हक्कदाराने वळविले, तर ते तुमचे कधी नव्हतेच. पण तुमच्या वावरात शिरलेले पाणी तुम्ही नंतर शेजाऱ्याला दिलेत, तर पाणीपट्टी तुमच्याच नावावर. पोटगी ही दुसऱ्या प्रकारची: आधी उत्पन्न तुमचे झाले, मग ते कर्तव्यापोटी खर्च झाले. न्यायालयाने पगारावर जप्ती आणून पोटगी परस्पर कापविली, तरीही कर संपूर्ण पगारावर. परिणामी माहेवारी पोटगीवर पतीनेही कर भरलेला असतो आणि पत्नीच्या उत्पन्नातही तीच रक्कम पुन्हा मोजली जाते. मला हे अन्याय्य वाटते. पण तूर्त कायदा असा आहे.

हळद-सोयाबीनच्या मुलखात याहून चिवट समजूत वेगळीच आहे: शेतीचा पैसा करमुक्त, म्हणून शेतीतून दिलेली पोटगीही करमुक्त. शेतीचे उत्पन्न ज्याने जमिनीतून काढले, त्याच्यापुरतेच ते शेतीचे. जमिनीच्या मोबदल्यात मिळणारे वर्षासनदेखील शेतीचे उत्पन्न नव्हे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९३५ सालीच म्हणून ठेवले आहे. पोटगीऐवजी दोन एकर जमीनच पत्नीच्या नावे केली आणि ती स्वतः कसू लागली, तर गोष्ट निराळी. मग ते उत्पन्न तिचे आणि शेतीचेच. पत्नीला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न एरवी पतीच्या उत्पन्नात मिळविले जाते, पण विभक्त राहण्याच्या करारान्वये दिलेल्या मालमत्तेला कायद्याने त्यातून वगळले आहे. म्हणून फेरफाराच्या कागदात त्या कराराचा उल्लेख स्पष्ट हवा. शिवाय पती-पत्नी हे नाते असेपर्यंतच परस्परांकडून मिळालेले घर वा दागिने नातेवाइकाची देणगी म्हणून करमुक्त असतात. हुकूमनाम्यानंतर कायद्याच्या लेखी ते नातेवाईक उरत नाहीत. जे द्यावयाचे ते हुकूमनाम्यातच नमूद करून घ्यावे, हे बरे.

राहिली रोख रक्कम. हळद विकून आलेले पैसे पिशवीत भरून न्यायालयाच्या व्हरांड्यात मोजून द्यावयाचे आणि संयुक्त पुरसिशीत, म्हणजे उभयतांनी न्यायालयात दिलेल्या लेखी निवेदनात, ‘रक्कम रोख पोचली’ असे लिहावयाचे, ही रीत पुष्कळांना सोयीची वाटते. परंतु १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास मनाई आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही बजावले, की दाव्यात एवढ्या रोख रकमेचा उल्लेख आला तर न्यायालयाने प्राप्तिकर खात्यास कळवावे. एकरकमी पोटगी करमुक्त असली, तरी ती धनाकर्षाने किंवा थेट बँक खात्यातच घ्यावी. कारण रोख स्वीकारण्याची ही मनाई मोडल्याचा दंड स्वीकारलेल्या संपूर्ण रकमेइतका असतो, आणि तो देणाऱ्यावर नव्हे, घेणाऱ्यावर बसतो.