गडाची गर्दी आणि काल्याची गर्दी

एकादशीला नारायणगडावर माणसं येतात, तेव्हा आज कीर्तन कुणाचं, हे कुणी विचारत बसत नाही. नगद नारायण महाराजांचा गड आहे, धाकटी पंढरी आहे, एवढं पुरतं. तेच आसपासच्या एखाद्या गावातला सप्ताह घ्या. पत्रिका हातात आली की नजर आधी तळाशी जाते: काल्याचं कीर्तन कुणाचं? नाव मोठं असलं की मंडप वाढवावा लागतो.

बॉक्सिंग आणि एमएमए यांच्या बाजारातही हाच फरक आहे. एमएमए म्हणजे ठोसा, लाथ, पकड सगळं चालणारी झुंज. त्यातली सर्वांत मोठी कंपनी यूएफसी, १९९३ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये सुरू झालेली. लढणारे कंपनीच्या करारात बांधलेले, जोड्या लावणारी कंपनीच, पट्टा देणारीही तीच. कार्यक्रमांना तर चक्क क्रमांक असतात. ऐनवेळी एखादा जायबंदी झाला तरी दुसरा उभा राहतो, कार्यक्रम सहसा अडत नाही. हा झाला गड.

बॉक्सिंग म्हणजे काल्याचं कीर्तन. तिथे एक मालक नाही. जगज्जेतेपद देणाऱ्या मोठ्या संघटनाच चार, वर प्रत्येक बॉक्सरचा प्रवर्तक वेगळा, वाहिनी वेगळी. जाहिरातीत दोन नावं मोठी, खालच्या लढती कुणी लक्षात ठेवत नाही. मेवेदर आणि पॅकियाओ या दोन बॉक्सरांची गाठ पडावी म्हणून २००९ पासून बोलणी सुरू होती. प्रत्यक्ष लढत झाली २ मे २०१५ ला. तोवर दोघांचीही ऐन उमेद ओसरली होती. तरीही अमेरिकेत सुमारे ४६ लाख जणांनी पैसे मोजून ती घरबसल्या पाहिली. ताटकळत ठेवणं हीच तिथली जाहिरात!

पैशाचा ओघही तसाच. २००१ मध्ये अवघ्या २० लाख डॉलरला विकली गेलेली यूएफसी २०१६ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलरना गेली. लढणाऱ्यांच्या वाट्याला मात्र बड्या बॉक्सरच्या मानाने कमीच येतं. त्यावरून खटला झाला आणि ३७.५ कोटी डॉलरची तडजोड २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केली. यूएफसीचा सर्वांत मोठा तारा कॉनर मॅकग्रेगर २०१७ मध्ये मेवेदरशी निव्वळ ठोशांनी लढायला गेला, तो काही ठोशांच्या प्रेमापोटी नव्हे.

आपल्या यात्रेतल्या कुस्तीच्या फडात मात्र दोन्ही रीती एकत्र नांदतात. दुपारी पोरं लंगोट लावून आखाड्यात उतरतात, पंच अंगकाठी बघून तिथल्या तिथे जोड लावतात, इनाम नारळाचं नाहीतर थोड्याशा रोख पैशाचं. ही गर्दी यात्रेची. शेवटची कुस्ती मात्र वस्तादांशी बोलून आधीच ठरवलेली. पत्रकावर मल्लांचे फोटो, नावाखाली तालीम आणि वस्ताद, शेजारी इनामाचा आकडा आणि तो देणाऱ्याचं नाव. पाटोद्याच्या राहुल आवारेसारखं, राष्ट्रकुल सुवर्ण आणि जागतिक कांस्य मिळवलेलं नाव वर छापलं, तर हलगी घुमण्याआधीच माणूस जागा धरून बसणार. शिवाय पत्रकावरचा एक शब्द मला फार आवडतो: ‘निकाली’. कुस्ती बरोबरीत सोडवणार नाही, असा तो शब्द आहे. तो मोडला की फड जो आरडाओरडा करतो, तो निवेदकालाही आवरत नाही.

एमएमएची गर्दी आपल्याकडे जमवायला मुंबईत २०१२ मध्ये ‘सुपर फाइट लीग’ सुरू झाली, तेव्हा जाहिरातीत पुढे होते संजय दत्त आणि राज कुंद्रा. लढणाऱ्यांपेक्षा मालकांचीच नावं लोकांना पाठ. गड उभा राहण्याआधीच कळस चढवला, दुसरं काय.

यूएफसीने आता पॅरामाउंट या माध्यम कंपनीशी सात वर्षांचा, ७७० कोटी डॉलरचा करार केला आहे. २०२६ पासून अमेरिकेतल्या प्रेक्षकाला मोठ्या लढतीसाठी वेगळे पैसे पडत नाहीत, वाहिनीच्या वर्गणीतच सगळं दिसतं. आपला फडही वर्गणीवरच चालतो. फक्त तिथे जिंकलेला मल्ल हलगीच्या मागोमाग फडाभोवती फिरतो, आणि आवडलेल्या कुस्तीचे पैसे लोक त्याच्या हातावर नगद ठेवतात.