सेफ्टी रेझरची निगा

किंग कॅम्प जिलेट हे बाटल्यांची बुचे विकणाऱ्या कंपनीचे फिरते विक्रेते असताना, त्या बुचाचे जनक विल्यम पेंटर यांनी त्यांना सुचविले की, गिऱ्हाइकाने वापरून फेकावी आणि पुन्हा दुकानाची पायरी चढावी, अशी एखादी वस्तू शोधून काढा. १८९५ साली त्यांना पातळ पोलादी पात्याची कल्पना सुचली. परंतु इतक्या पातळ पत्र्याला पाणी देऊन त्यावर धार टिकविणे अशक्य, असा जाणकारांचा फैसला असल्यामुळे, विल्यम निकरसन या अभियंत्याने ते कोडे उलगडीपर्यंत बरीच वर्षे गेली, आणि १९०३ साली विक्रीस प्रारंभ झाला तेव्हा वर्षअखेर अवघी ५१ यंत्रे व १६८ पाती खपली. पुढल्याच वर्षी यंत्रांचा खप नव्वद हजारांवर गेला.

या जन्मकथेत एक भेद आरंभापासून अनुस्यूत आहे: यंत्र दीर्घायुषी आणि पाते अल्पायुषी, अशी त्याची योजनाच आहे. आपल्याकडील मध्यमवर्गीय काटकसरीने मात्र हा भेद उलटा केला. पाते काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगाला घासघासून त्याची मुदत वाढवावयाची, आणि ज्याने उभी हयात सोबत करावयाची ते यंत्र साबणाच्या राडीसकट मोरीच्या कोनाड्यात ओले टाकून द्यावयाचे, हा कित्येक घरांतील शिरस्ता होता. न्हाव्याच्या धोकटीतील वस्तऱ्याची गोष्ट निराळी. त्याची धार म्हणजेच ते हत्यार, म्हणून त्याला दगड आणि पट्टा दोन्ही हवेत. सेफ्टी रेझरला दोहोंपैकी कशाचीच गरज नाही. त्याला हवी असते कोरडी जागा.

यंत्रावर साचणाऱ्या पांढुरक्या थराचे मूळ दाढीत नसून पाण्यात असते. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा साबणातील स्निग्धाम्लांशी संयोग होऊन जो अविद्राव्य साका तयार होतो, तो टोपीच्या आतल्या बाजूस, तळपट्टीच्या भोकांत आणि विशेषतः दांड्याच्या आट्यांत जाऊन बसतो. बोअरच्या पाण्याच्या गावी हा उपद्रव लवकर होतो, मऊ पाण्याच्या गावी उशिरा. म्हणून दाढी झाल्यावर दांडा अर्धा फेरा सैल करून वाहत्या पाण्याखाली धरावा, यंत्र झटकावे आणि वारा लागेल असे उभे ठेवावे. आठवड्याकाठी तिन्ही भाग सुटे करून कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य साबणाचे दोन थेंब घालावेत आणि दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने आटे व भोके घासावीत. एवढ्याने बहुतेकांचे काम भागते. पाते काढताना त्याच्या आखूड कडा धराव्यात, हे सांगणे पोरकट वाटेल. पण बोटे कापतात ती त्याच घाईत.

खरी हानी करतो तो अतिउत्साह. जुनी यंत्रे बहुधा पितळेची असून त्यांवर निकेल, चांदी किंवा सोन्याचा मुलामा असतो, आणि आत पितळ आहे एवढ्या ज्ञानाच्या बळावर घरातील कोणीतरी चिंच आणि राख घेऊन त्याला समईसारखे लखलखीत करावयास बसले, की दोन-तीन वेळांत मुलामा उतरलाच म्हणून समजावे. हल्लीच्या अनेक स्वस्त यंत्रांचे डोके तर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते. वरचा क्रोमचा पापुद्रा शाबूत आहे तोवर ते सुरक्षित, पण तो एकदा भेदला गेला की आतील जस्त झिजू लागते, खड्डे पडतात, आणि एके दिवशी आट्यांचा खुंटच हातात येतो. साका हट्टी असेल तर सम प्रमाणात पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये पितळी भाग काही मिनिटे ठेवण्यास हरकत नाही. जस्ताच्या डोक्याला मात्र आम्लाचा स्पर्शच नको, आणि सोन्याच्या मुलाम्याला साबण-पाण्यापलीकडे काही लावू नये. दांडा फिरवताच ज्यांची झाकणे दाराच्या फळ्यांसारखी उघडतात, त्या यंत्रांच्या सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो; खोबरेल तेल घालणाऱ्यांनी ते थंडीत गोठते हे विसरू नये.

यंत्र हातून पडणे हा त्याच्यावरील सर्वांत मोठा आघात. टोपीचा कोपरा किंचित जरी वाकला तरी पाते एका बाजूस अधिक बाहेर येते आणि त्वचा ओढली जाते. जिलेट कंपनीने १९३० साली नवा नमुना काढताना पात्याचे कोपरेच कापून टाकले आणि टोपीचे कोपरे बळकट केले, त्यामागे हेच कारण होते.

आता पात्याविषयी, ज्याला मी मुद्दामच थोडी जागा देत आहे. केस पोलादाहून सुमारे ५० पटींनी मऊ असूनही धार का बोथटते, याचा छडा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० साली लावला: पोलादाची घडण सूक्ष्म पातळीवर एकजिनसी नसल्यामुळे, वाकलेला केस विशिष्ट कोनातून धारेच्या कमजोर जागी भिडला की तिथे टवका उडतो. उडालेला टवका पुसण्याने किंवा पेल्यात घासण्याने भरून येत नाही. उलट टॉवेलने धार पुसणाऱ्याच्या हातून ती अधिकच बिघडते. गंजाची धास्ती मात्र जुन्या कार्बन पोलादाच्या काळची. विल्किन्सन स्वोर्ड कंपनीच्या गंजरोधक पात्याने १९६० नंतरच्या दशकात बाजार काबीज केला, तेव्हापासून पाते खंगाळून झटकले की पुरे. ते ओढू लागले, की बदलावे.

टाकावे कोठे, हा प्रश्न उरतो. अमेरिकेतील जुन्या घरांत न्हाणीघराच्या कपाटाला मागे एक फट ठेवलेली असे. वापरलेली पाती तीतून थेट भिंतीच्या पोकळीत पडत, आणि घर पाडणाऱ्या कामगारांना त्यांचा ढीग सापडे. आपल्याकडे पेन्सिली तासून आणि शिवणी उसवून झाल्यावर पाते कागदात गुंडाळून कचऱ्यात जाते, आणि कचरा हातांनी निवडणाऱ्या बाईच्या बोटांना त्याचा पत्ता लागतो. पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याचे झाकण पक्के बसवून त्याला सुरीने बारीक फट पाडली, तर कित्येक वर्षांची पाती त्यात मावतात. डबा भरला की फटीवर चिकटपट्टी लावून तो भंगारवाल्यास, आत काय आहे ते सांगून, द्यावा.