टोरोंटोचं पत्र : गोठणगावचे तिबेटी आणि इथली सुनावणी

टोरोंटोच्या पार्कडेल भागात क्वीन स्ट्रीटवर मोमोची दुकानं इतकी, की लोक त्याला ‘लिटल तिबेट’ म्हणतात. इथल्या पुष्कळ तिबेट्यांचा जन्म भारतातल्या वसाहतींमधला. इटियाडोह धरणाजवळची गोठणगावची नोर्ग्येलिंग ही तशीच एक वसाहत. १९७२ साली ती वसली तेव्हा गाव भंडारा जिल्ह्यात होतं, गोंदिया वेगळा झाला १९९९ मध्ये. हिवाळ्यात आपण तिबेट्यांकडून स्वेटर घेतो, भावात घासाघीस करतो; त्यांच्याजवळ कागद कोणता, हे कधी विचारत नाही.

आश्रय मागणाऱ्याला कॅनडा आधी तेच विचारतो. पण ऐकूनही घेतो. पूर्वी जबाबाचा कागद वाचूनच अर्ज निकालात निघत. ४ एप्रिल १९८५ ला इथल्या सुप्रीम कोर्टाने सिंग खटल्यात ठरवलं, की माणसाच्या खरेखोटेपणाचा प्रश्न असेल तर त्याला समोर बसवूनच ऐकलं पाहिजे. आता वकील नेता येतो, दुभाषी निर्वासित मंडळ देतं, निकालापर्यंत दवाखान्याची सोय होते, कामाचा परवानाही मागता येतो. अमेरिकेच्या जमिनीवरून सीमा ओलांडून आलेल्याला मात्र बहुधा परतच धाडतात. औदार्यालाही इथे कलमं-पोटकलमं आहेत!

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही. आपण तिबेट्यांना जमीन दिली, शाळा दिल्या. कायद्याच्या लेखी ते परदेशीच, मुदत संपली की आरसी, म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीचा दाखला, नवी करून घेणारे.

गोठणगावात जन्मलेल्याची खरी अडचण इथल्या सुनावणीत निघते : भारताचं नागरिकत्व मिळत असेल तर कॅनडाचा आश्रय कशाला, तुम्ही भारताचे नागरिक का नाही? २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ दरम्यान भारतात जन्मलेला जन्मानेच नागरिक, हे दिल्ली हायकोर्टाने नामग्याल डोलकर यांच्या खटल्यात २०१० मध्ये मान्य केलं. २०१७ मध्ये सरकारने पासपोर्ट द्यायचं ठरवलं, पण अटी घातल्या : आरसी परत करा, वसाहतीत राहू नका. म्हणजे नागरिक व्हायचं तर घर सोडा.

इथल्या फेडरल अपील कोर्टाचं २०१६ चं म्हणणं असं, की नागरिकत्व वापरण्यात मोठा अडथळा होता आणि तो दूर करायला आपण रास्त प्रयत्न केले, हे अर्जदाराने दाखवावं. आईवडील दोघेही तिबेटात जन्मलेले असतील, तर १९८६ मध्ये जन्मलेल्या थोरल्याला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. त्याच घरात १९८८ ला जन्मलेल्या धाकटीला जन्माने नागरिकत्व मिळतच नाही, म्हणून तिचा वकील थेट चीनच्या भीतीपासून सुरुवात करतो.