हमामात्सूहून : रेंज गेल्यावरचा नकाशा

भारतातून आलेला पाहुणा गाडीत बसल्या बसल्या विचारतो, "फोन असताना हा डॅशबोर्डातला नकाशा कशाला?" याबाबतीत जपान मागे राहिला, असा त्याचा समज असतो. तो मला खोडून काढायचा आहे.

मागे मेहुण्यांना घेऊन नागानोच्या डोंगरात निघालो होतो. मुक्कामाच्या घरमालकीणबाईंनी पत्ता सांगितलाच नाही, फक्त लँडलाइनचा नंबर दिला. तो पडद्यावर टाकला आणि गाडी थेट त्यांच्या अंगणात. इथे बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्ता म्हणजे वस्तीचे आणि घरांचे क्रमांक, तेही ओळीने असतील असं नाही. अशा देशात ही सोय केवढी मोलाची!

वाटेतल्या बोगद्यात मेहुण्यांच्या फोनवरचा ठिपका जागीच थांबला. गाडीतला बाण पुढे सरकत राहिला, कारण तो चाकांचे फेरे आणि वळणं मोजतो. होंडाने 1981 सालीच उपग्रहांशिवाय चालणारा नकाशा गाडीत बसवला होता. टोकियोचा यामाते बोगदा 18 किलोमीटरचा आहे आणि त्याला आतच फाटे फुटतात. तिथे हे मोजमाप हवंच.

मेहुणे म्हणाले, "आपल्याकडे कुणालाही विचारता येतं." खरं आहे, आणि त्या टपरीवाल्यांची मला इथे रोज आठवण येते. पण पावसाळ्यात रात्री ताम्हिणीत रेंज गेल्यावर कोणाला विचारणार? इथे सिग्नलवर चौकाच्या नावाची पाटी असते आणि यंत्रही तेच नाव उच्चारतं. नावं आपल्या चौकांनाही आहेत, पण पाटी वाढदिवसाच्या फ्लेक्समागे दडलेली. इथे 1996 पासून कोंडी, अपघात, बंद रस्ते यांची माहिती मासिक वर्गणीशिवाय थेट गाडीत येते. आपल्या घाटात दरड कोसळली तर पोलिसांना कळतं, बांधकाम खात्याला कळतं. घाट चढत असलेल्या माणसाला मात्र समोर अडवलेल्या गाड्या दिसल्यावरच कळतं. याचा मला संताप येतो.

इथलंही सगळं गोड नाही. गाडी चालू असताना शेजारी बसलेल्यालाही पत्ता टाकू देत नाहीत, आणि नकाशा ताजा करायला अनेकदा पैसे मोजावे लागतात. तरीही गुजरातेत तयार झालेली सुझुकीची छोटी एसयूव्ही फ्राँक्स 2024 पासून इथे विकली जाते, ती नेव्हिगेशन मुळातच बसवून. तीच गाडी आपल्याकडे चालवणारे फोन जोडतात आणि रेंजवर भरवसा ठेवतात.

महापालिकांनी सिग्नलच्या खांबावर चौकाचं नाव ठळक लिहावं आणि फ्लेक्स उतरवावेत. घाट बंद झाला की खात्याने ती बातमी त्याच क्षणी सगळ्या नकाशांपर्यंत पोचवावी. आणि तुम्ही नवी गाडी बघायला जाल तेव्हा सनरूफच्या आधी एवढं विचारा : रेंज गेल्यावर यातला नकाशा चालतो का?