'जेन आयर'मधील अनाथ नायिकेची प्रारंभिक जडणघडण

प्रस्तावना :
शार्लट ब्राँटे यांची 'जेन आयर' ही कादंबरी 1847 साली 'करर बेल' या टोपणनावाने प्रकाशित झाली. पहिल्या नऊ प्रकरणांत दहा वर्षांच्या अनाथ जेनचे बालपण येते. बंडखोर मुलगी शाळेच्या शिस्तीत निवळली, असा या भागाचा सोपा अर्थ लावला जातो. मात्र तो अपुरा आहे. जेनचे बंड मावळत नाही. आपल्यावरील अन्याय इतरांना पटेल अशा रीतीने मांडण्याचे सामर्थ्य तिला प्राप्त होते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

गेट्सहेड : अविश्वासाचे घर
मामीच्या घरी जेन आश्रित आहे. खिडकीतील पडद्याआड पक्ष्यांविषयीचे पुस्तक पाहत बसणे, हाच तिचा विसावा. चौदा वर्षांचा मामेभाऊ जॉन तेच पुस्तक तिच्या अंगावर भिरकावतो. ती प्रतिकार करते आणि शिक्षा मात्र तिलाच होते. मामाचा मृत्यू झालेल्या लाल खोलीत तिला कोंडले जाते. मारापेक्षा अधिक जिव्हारी लागते ते हे की, तिच्या शब्दाला त्या घरात किंमत नाही. पुढे औषधोपचार करणारे लॉइड तिची विचारपूस करतात, तेव्हा तिला प्रथमच श्रोता लाभतो. शाळेत जाण्यापूर्वी ती मामीला तोंडावर सत्य सुनावते. या विजयाचा आनंद क्षणभरच टिकतो. नंतर उरते ती पोकळी. केवळ संतापाने मन मोकळे होते, पण एकाकीपण संपत नाही, हा तिचा पहिला धडा होय.

लोवुड : शब्दाला मिळालेला विश्वास
लोवुडच्या धर्मादाय शाळेत अन्न अपुरे आणि थंडी कडाक्याची आहे. ब्रॉकलहर्स्ट तिला स्टुलावर उभे करून सर्वांसमक्ष खोटारडी ठरवतात. हेलन बर्न्स या मैत्रिणीचे मूक हास्य तिला तेव्हा धीर देते. निर्णायक घटना मात्र त्यानंतरची आहे. मुख्याध्यापिका मिस टेम्पल जेनला स्वतःची बाजू मांडण्यास सांगतात. हेलनच्या शिकवणुकीचे स्मरण ठेवून जेन कटुता आवरते व संयमाने हकिकत सांगते. मिस टेम्पल लॉइड यांना पत्र लिहून शहानिशा करतात आणि शाळेसमोर तिला निर्दोष जाहीर करतात. येथे दयेपेक्षा न्यायाला महत्त्व आहे. पुढे आठ वर्षे जेन तेथेच राहते, त्यांपैकी अखेरची दोन शिक्षिका म्हणून.

स्थानिक संदर्भ :
अशी प्रक्रिया केवळ कल्पितात घडते असे नाही. 1842 साली अहमदनगर येथून सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकात 1855 साली मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेच्या विद्यार्थिनी होत्या. जेनचे दुःख एका व्यक्तीचे, तर मुक्ता साळवे यांचे संपूर्ण समाजाचे. त्यामुळे ही तुलना मर्यादितच राहते. तथापि दोन्हींकडे शाळेने मुलीच्या शब्दाला स्थान दिले, हे साम्य महत्त्वाचे आहे.

निष्कर्ष :
जेनचे व्यक्तिमत्त्व तीन टप्प्यांनी घडते : प्रतिकार, आत्मसंयम आणि सत्यकथन. मात्र तिसरा टप्पा तिला एकटीने गाठता येत नाही. त्यासाठी ऐकून घेणारी व पडताळणी करणारी शिक्षिका आवश्यक ठरते. वर्गात ही कादंबरी शिकवताना जेनच्या धैर्याइतकेच मिस टेम्पल यांच्या त्या पत्राकडेही लक्ष वेधले गेले पाहिजे.