सहा फुटी पट्टा आणि वॉशिंग्टनचा कालवा

वॉशिंग्टन शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर पोटोमॅक नदी एकदम अंग चोरते. जवळजवळ हजार फूट रुंदीचं पात्र बघता बघता अरुंद खडकाळ घळीत शिरतं आणि मैलभराच्या आत ७६ फूट खाली उतरतं. व्हर्जिनियाच्या काठावरचं हे ग्रेट फॉल्स पार्क. पलीकडे मेरीलँडच्या बाजूला बिली गोट ट्रेलच्या सर्वांत खडकाळ टप्प्यावर कुत्र्यांना मज्जाव आहे. तेव्हा कुत्रा सोबत असेल तर हाच काठ धरावा.

पट्टा सहा फुटांहून लांब नको, आणि पाण्यात कुणीच उतरायचं नाही. हे मनावर घ्यावंच. वरून संथ दिसणाऱ्या या प्रवाहाने अनेकांचे जीव घेतले आहेत. धबधब्याजवळ महापुरांची वर्षं लिहिलेला एक खांब उभा आहे. त्यावरची १९३६ची खूण पाहायला मान वर करावी लागते.

धबधबा पाहून बहुतेक लोक परततात. खरी मजा मात्र त्यापुढे, झाडीत शिरल्यावर आहे.

तिथे एका कोरड्या चरासारखा पडलेला कालवा लागतो. धबधबा टाळून नावा नेता याव्यात म्हणून १७८५मध्ये पोटोमॅक कंपनी निघाली. तिचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. त्याच वर्षी फ्रेंच सेनानी लाफायेतने त्यांना फ्रान्सहून शिकारी कुत्रे पाठवले होते, हे इथे कुत्र्यासोबत चालताना आठवतंच. मजुरांबरोबर गुलामांनीही इथे खडक फोडला. सुरुंगाची दारूही वापरली. नावा पायरी-पायरीने खाली उतरवणारे पाच दरवाजेबंद हौद, म्हणजे लॉक, १८०२मध्ये पूर्ण झाले. वॉशिंग्टन १७९९मध्येच वारले होते.

कुत्रा नाक जमिनीला लावून भिंतीच्या कडेकडेने चालतो. पट्ट्याच्या ओढीने माणूसही थांबतो, वाकतो, आणि पहिल्या लॉकच्या तांबूस वालुकाश्मावर पाथरवटांनी कोरलेल्या खुणा नजरेस पडतात. घाईत चालणाऱ्याच्या नजरेतून त्या हमखास सुटतात.

कालव्यालगत मॅटिल्डाविल वसलं होतं. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातले सेनानी हेन्री ली यांनी त्याला आपल्या पत्नीचं नाव दिलं. पिठाची गिरणी, भट्टी, खानावळ असं सगळं तिथे होतं. आता पानगळीखाली दगडी जोती आणि एकदोन पडक्या भिंती उरल्यात. कंपनी कर्जात बुडाली आणि १८२८मध्ये नदीपलीकडच्या नव्या कालव्याच्या कंपनीकडे तिचा कारभार गेला.

कालवा चालू होता तेव्हा पीठ, व्हिस्की, तंबाखू घेऊन नावा इथून खालच्या जॉर्जटाउन बंदराला जात. माल उतरला की कित्येक नावाडी नावच लाकडाच्या भावाने विकून टाकत आणि पायी घर गाठत. आजची परतीची वाट फार तर तासाभराची. सोबत पाणी आणि वाटी असावी. गाडीत बसवण्याआधी कुत्र्याच्या कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी तपासाव्यात. इथल्या झाडीत त्या भरपूर आहेत.